दापोलीत निळा, केळशीत गुलाबी : एकाच झाडाचा हायड्रेंजिया असा का वागतो?

पोफळीखाली
नमस्कार मंडळी. बागकामाचे जुने धागे धुंडाळले, पण हायड्रेंजियावर दोन-तीन ओळींपलीकडे काही सापडलं नाही, म्हणून नवा धागा काढतेय.

वन्संच्या दापोलीच्या घरी मागच्या पडवीला लागून हायड्रेंजियाचं जुनं झाड आहे. फुलांचे गेंद गडद निळे. त्याच झाडाच्या फांद्या आणून मी इथे केळशीला लावल्या. रुजल्या, वाढल्या, आणि यंदा पहिल्यांदा फुलल्या त्या चक्क गुलाबी! गुलाबी म्हणजे साखर लावलेल्या बडीशेपेचा असतो तसला फिका. वन्संचं म्हणणं, "तू भलत्याच झाडाची फांदी नेलीस." त्यांच्याकडे हायड्रेंजियाचं दुसरं झाडच नाही, हे त्या सोयीस्कर विसरतात.

माझ्याकडची परिस्थिती सांगते. घर समुद्रापासून फार लांब नाही, जमीन पुळणीची. दोन रोपं पोफळींच्या सावलीत जमिनीत आहेत, तिसरं सिमेंटच्या कुंडीत. कुंडीत मात्र विकत आणलेली जांभ्याची लाल माती आहे. पाणी तिघांनाही विहिरीचं. आणि तिन्ही गुलाबी.

शेजारच्या काकू म्हणतात मुळाशी गंजके खिळे पुर, निळा होईल. पुरू का?

खडपावरचा
खिळे राहू देत, ताई. उद्या माती उकरताना हातात घुसतील तेवढाच त्यांचा उपयोग. लोखंडाचा या निळ्या रंगाशी काही संबंध नाही. निळा रंग येतो ॲल्युमिनियममुळे.

थोडक्यात सांगतो. मातीचा सामू (पीएच) ५.५ च्या खाली असला, म्हणजे माती आम्लधर्मी असली, की तिच्यातलं ॲल्युमिनियम विरघळून मुळांना मिळतं आणि फूल निळं होतं. सामू ६.५ च्या वर गेला की ते विरघळत नाही, फूल गुलाबी. मधल्या पट्ट्यात जांभळट, नाहीतर एकाच झाडावर दोन्ही रंगांचे गेंद. तेव्हा तुमची फांदी वन्संच्याच झाडाची आहे, बदलली आहे ती जमीन.

तुमच्या झाडांची नवी पानं पिवळट आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसतंय का? तसं असेल तर चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नसल्याची ती खूण. पण तो रंगाहून वेगळा विषय.

गोट्या_पंचक्रोशी
म्हणजे सासरी गेल्यावर रंग बदलला म्हणायचा. वन्संना हे सांगू नका.

पोफळीखाली
@गोट्या, वन्सं हा धागा वाचतात.

@खडपावरचा, हो! पुळणीतल्या दोन्ही रोपांची पानं अगदी तशीच आहेत, पिवळी आणि त्यावर हिरवी जाळी. कुंडीतल्याची त्यामानाने बरी. पण माझा खरा प्रश्न कुंडीबद्दलच आहे. जांभ्याच्या मातीत ॲल्युमिनियम भरपूर असतं असं वाचलं. मग तिच्यातला तरी निळा व्हायला हवा होता ना?

निवृत्त_रसायन
कुंडीचं उत्तर मातीतले जाणकार देतील. मी फुलाच्या आत काय घडतं ते सांगतो, कारण इथे बहुतेकांची गल्लत होते.

शाळेत आपण शिकलो की लिटमस आम्लात तांबडा आणि अल्कलीत निळा होतो. हायड्रेंजिया बरोबर उलटं वागताना दिसतो: माती आम्लधर्मी तर फूल निळं. याचं कारण फूल हा मातीच्या सामूचा कागद नव्हेच. निळ्या काय आणि गुलाबी काय, दोन्ही फुलांत रंगद्रव्य एकच असतं, डेल्फिनिडिन-३-ग्लुकोसाइड. एकटं असलं की ते तांबूस-गुलाबी दिसतं. त्याला ॲल्युमिनियमचे आयन मिळाले, आणि जोडीला कॉफीत असतं त्या क्लोरोजेनिक आम्लाच्या भावकीतले काही रेणू आले, की तिघांची मिळून जी जुळणी होते ती निळी दिसते. यातलं एक जरी नसलं तरी निळा नाही.

पेशीच्या आतला सामूही मोजला गेला आहे. निळ्या पेशींच्या रसात तो ४.१ च्या आसपास आणि तांबड्या पेशींत ३.३ च्या आसपास भरतो. म्हणजे आतून दोन्ही आम्लधर्मीच. पण या छोट्या फरकानेही ती जुळणी टिकायला मदत होते.

आणखी एक गंमत. विरघळलेलं ॲल्युमिनियम बहुतेक झाडांच्या मुळांना मारक असतं. आम्लधर्मी जमिनीत पिकं खुरटतात त्याचं ते एक मोठं कारण. हायड्रेंजिया मात्र ते सरळ पानाफुलांपर्यंत नेतो आणि त्याला काही होत नाही. चहाचं झुडूपही याच पंथातलं.

अवांतर: आपण ज्याला पाकळ्या म्हणतो त्या पाकळ्या नाहीत, निदलं आहेत, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणारी पानं. खरं फूल म्हणजे मधला तो बारीक मणी. पावसात आपल्या रानात भूतकेस फुलतो, त्याचं लांबून दिसणारं पांढरं पान हेही निदलच. म्हणून तर हायड्रेंजियाचा गेंद आठवडेच्या आठवडे टिकतो.

सुपारी_कातरणारी
सर, मधुमालती संध्याकाळी पांढरी उमलते आणि दोन दिवसांत लाल होते, तेही मातीमुळेच का?

निवृत्त_रसायन
नाही. तो फुलाच्या वयाचा रंग. माती कुठलीही असो, मधुमालती तशीच बदलणार. घाणेरीच्या गुच्छातही बाहेरची जुनी फुलं वेगळ्या रंगाची असतात, तेही वयानेच. हायड्रेंजियातही वयाचा भाग असतो: गेंद जुना झाला की हिरवट होतो, कडांना लाली चढते. तेव्हा रंग ठरवायचा तो ताज्या, पूर्ण उमललेल्या गेंदावरून. आणि पांढऱ्या जातींवर कुणी तुरटी वाया घालवू नका. त्यांच्यात ते रंगद्रव्यच जवळपास नसतं, त्या पांढऱ्याच राहणार.

लालमाती
आता कुंडी. ताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

जांभा तयार होतो तोच मुळी पावसाने. लाखो वर्षं मुसळधार पाऊस खडकातलं चुना, मॅग्नेशियम, पोटॅश, सिलिका असं जे जे धुऊन नेता येईल ते नेतो. मागे उरतात लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. लोहामुळे लाल रंग. ॲल्युमिनियम फारच साठलं तर त्यालाच आपण बॉक्साइट म्हणतो, आणि रत्नागिरी-कोल्हापूर भागांत त्याच्या खाणी आहेत त्या यामुळेच. जांभ्याला इंग्रजी शास्त्रात 'लॅटराइट' हे नाव फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये दिलं, तेही मलबारात लोक मातीच्या विटा कापताना बघून. आपल्याकडचे चिरेही तसेच कापतात.

तर ॲल्युमिनियम भरपूर आहे, पण ऑक्साइडच्या रूपात, म्हणजे पाण्यात न विरघळणारं. ते मुळांना मिळायचं तर माती आम्लधर्मी राहायला हवी. वन्संच्या पडवीमागे काय होत असेल बघा: सड्याची लाल जमीन, पावसाने धुतलेली, वर पातेऱ्याचा थर कुजतोय, जवळपास चुन्याचं काही नाही. सामू पाच-साडेपाचला बसला असणार. निळा येणारच.

तुमच्या कुंडीत तीच माती, पण तिच्यावर तीन बाजूंनी चुन्याचा मारा चाललाय.

पहिला, विहीर. पुळणीतल्या विहिरीचं पाणी शिंपल्यांच्या चुऱ्यातून झिरपून येतं, त्यात कॅल्शियमचे बायकार्बोनेट असतात. तुमच्या बंबात किंवा गीझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो का? धरत असेल तर तोच चुना रोज तांब्या-तांब्याने कुंडीत जातोय. पावसाळ्यात माती धुतली जाते, पण दसऱ्यापासून पुढे मेपर्यंत विहिरीचंच पाणी. आणि नेमक्या त्याच काळात कळ्या धरतात, गेंद तयार होतात.

दुसरा, सिमेंटची कुंडी. नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो. कुंडीच्या बाहेर पांढरे ओघळ दिसत असतील तर बघा.

तिसरा, खत. काय घालता?

जमिनीतल्या दोन रोपांचं तर सोपं आहे. पुळणीची मूठभर कोरडी वाळू बशीत घ्या, वर व्हिनेगर ओता. फसफसली तर शिंपल्यांचा चुना आहे. आपल्याकडे एके काळी शिंपले भाजूनच बांधकामाचा चुना करत, विसरू नका.

पोफळीखाली
व्हिनेगर ओतलं. फसफस कसली, बशीच्या काठापर्यंत फेस आला! पोरांनी अर्धी बाटली त्यातच संपवली. मग कुंडीतली लाल माती घेतली, तर मधल्या मातीला काही झालं नाही, पण कडेला सिमेंटला चिकटलेल्या मातीत बारीक बुडबुडे आले. बंबात थर आहेच, दर दिवाळीला यजमान छिन्नीने खरवडतात.

खत म्हणाल तर शेणखत, आणि सासूबाई मासळीची डोकी आणि काटे झाडांच्या मुळाशी पुरतात. त्यांच्या मते त्याशिवाय काही वाढत नाही. कुंडीलाही अधूनमधून हाडांचा चुरा.

लालमाती
मिळाला तिसरा! काटे आणि हाडं म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट. फॉस्फरस ॲल्युमिनियमला धरून ठेवतो, दोघांचा न विरघळणारा क्षार होतो. जे थोडंफार ॲल्युमिनियम सुटलं असतं तेही गेलं. सासूबाईंची मासळी नारळाला आणि भाजीला उत्तम, तिथे अजिबात अडवू नका. हायड्रेंजिया निळा हवा असेल तर त्याच्या वाट्याला मात्र नको. डीएपी, १५:१५:१५, १९:१९:१९ हेही त्याच कारणाने टाळा. नत्राला थोडं अमोनियम सल्फेट चालेल, पोटॅशला सल्फेट ऑफ पोटॅश. चुलीतली राख नको, ती सामू चढवते.

गेंदफूल_न्यूजर्सी
आमच्याकडे घराच्या पुढच्या बाजूला ओळीने पाच झुडपं आहेत. घराच्या पायाला लागून असलेली गुलाबी आणि कुंपणाकडची निळी. पायाच्या काँक्रीटमधून चुना सुटतो म्हणून. कुंडीचं ऐकून तेच आठवलं.

तुरटीवाला
एवढा खटाटोप कशाला? तुरटी! किराणा दुकानात मिळते. पाण्यात विरघळवा, मुळाशी घाला, निळा. माझ्या चिपळूणच्या गच्चीवर करतो.

लालमाती
चिपळूणला जमेल दादा, तुमची माती मुळात आम्लधर्मी आणि नळाचं पाणी नदीचं, मऊ. तुरटी म्हणजे पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट. ती ॲल्युमिनियमही देते आणि सामूही उतरवते, म्हणून उपाय खराच आहे. पण केळशीच्या वाळूत ती ओतली की शिंपल्यांचा चुना तिला तिथल्या तिथे खाऊन टाकणार. आख्खी पुळण तुरटीने आम्लधर्मी करायची तर दुकान कमी पडेल.

प्रमाण मात्र सगळ्यांसाठी लिहून ठेवतो, कारण लोक मुठीने घालतात. बागेच्या दुकानातलं ॲल्युमिनियम सल्फेट असेल तर ४ लिटर पाण्यात एक मोठा चमचा, सपाट. त्यात ॲल्युमिनियम वजनाच्या सुमारे ८ टक्के असतं, घरच्या तुरटीत साडेपाच-पावणेसहा टक्के. म्हणजे तुरटी सुमारे दीडपट लागेल, पण कुंडीतल्या लहान झाडाला मी निम्म्यापासूनच सुरू करेन. आधी साधं पाणी द्यायचं, माती ओली झाली की मग हे. कोरड्या मातीत दिलं तर मुळं जळतात. पंधरवड्यातून एकदा पुरे. आणि सुरुवात कळ्या दिसायच्या कितीतरी आधी, पाऊस संपला की लगेच. फुललेल्या गेंदावर तुरटीपाणी घालून आठ दिवसांनी "काही झालं नाही" म्हणणाऱ्यांचे व्हॉट्सॲप मेसेज मला येत असतात.

आमराईतला
आमच्याकडे आंब्याच्या भुरीसाठी आणलेलं पाण्यात मिसळणारं गंधक पडलेलं असतं. त्याने सामू उतरतो ना?

लालमाती
उतरतो, पण सावकाश. मातीतले जिवाणू गंधकाचं आम्ल करतात, त्याला ऊब, ओल आणि काही महिने लागतात. शिवाय गंधक सामू उतरवतं, ॲल्युमिनियम देत नाही. जांभ्यात ते आधीच आहे, त्यामुळे जांभ्याच्या कुंडीत चिमूटभर गंधक हा वाईट विचार नाही. चुनखडीच्या वाळूत तेही वाया.

मालवणी_माणूस
तुमचा रंगाचा चाल्लाहा. आमच्या घराकडे ह्या झाडाक तीन वर्सा झाली, नुसती पानाच देता, फुला नाय. आये म्हणता, फुला नाय, भाजी होणा नाय, मगे ठेवलंस कित्याक?

आंबोलीकर_काकू
अहो, भाजी करूच नका, पानं विषारी असतात! शेळ्या-गुरांपासूनही लांब ठेवा.

तुमच्या आईंचा प्रश्न मात्र या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा. रंग नंतर, आधी फुलायला तर हवं. आमच्या आंबोलीला हायड्रेंजिया कुणी न बघता वाढतो आणि निळाच होतो. वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जांभ्याचे सडे, आणि हिवाळ्यात रात्री शाल लागते. ही शेवटची गोष्ट किनाऱ्यावर कमी पडते. या झाडाला कळी धरायला काही आठवडे गारवा लागतो, १८ अंशांच्या खालचा असला तर उत्तम. हा मूळ जपानच्या दमट, गार हवेतला. नर्सरीतून फुललेलं रोप आणतो ते गार ठिकाणी कळी धरून आलेलं असतं. ती फुलं संपली की मालवणच्या उकाड्यात दुसऱ्या वर्षी पानंच.

उपाय: सकाळचं कोवळं ऊन आणि अकरानंतर सावली. घराची पूर्वेकडची बाजू, विहिरीजवळचा गारवा. मुळाशी पातेरा चांगला वीतभर. मे महिन्यात दुपारी पानं मान टाकतात तेव्हा घाबरून पाणी ओतत बसू नका. संध्याकाळी उभी राहिली तर झाड ठीक आहे.

आणि कात्री! पुष्कळ जण दिवाळीत सगळ्या झाडांबरोबर हायड्रेंजियाही छाटतात. याच्या नेहमीच्या जाती जुन्या फांदीच्या शेंड्यावर कळी धरतात. तुम्ही शेंडा उडवला की त्या वर्षीची फुलं उडाली. छाटायचं ते फुलं संपल्या संपल्या, जाड कळ्यांच्या पहिल्या जोडीच्या वर.

मालवणी_माणूस
काकू, दिवाळेकच छाटतंय मी. दरवर्सा. आयेक सांगूक नको.

सुपारी_कातरणारी
मला एक कळत नाही, गुलाबी वाईट आहे का? सगळ्यांना निळाच कशाला हवा? माझ्या जांभ्याच्या बागेत निळ्याशिवाय येतच नाही आणि मला गुलाबी हवाय.

खडपावरचा
घ्या, अदलाबदल करा! तुमचं काम खरं तर सोपं. सामू चढवणं उतरवण्यापेक्षा सोपं असतं. शेतीचा चुना किंवा डोलोमाइट थोडं थोडं मिसळा आणि फॉस्फरसवालं खत द्या. सामू सहा-सव्वासहाला आणा, फार वर नको, नाहीतर पानं पिवळी पडतील. सिमेंटची कुंडी तुमच्यासाठी वरदान.

लालमाती
सहमत. फक्त जातीचंही लक्षात ठेवा. काही गडद लाल जाती कितीही ॲल्युमिनियम दिलं तरी धड निळ्या होत नाहीत, जांभळ्यावर अडतात. आणि काही निळ्या जाती गुलाबी झाल्या तरी मळकट दिसतात. पोफळीखाली ताईंचं झाड दोन्ही रंग स्वच्छ दाखवतंय, हे भाग्यच.

पोफळीखाली
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलंय असं: जमिनीतली दोन्ही गुलाबीच राहू देणार, त्यांना लोह तेवढं देईन. कुंडीतलं रोप पावसाच्या तोंडाशी मातीच्या कुंडीत हलवते. त्यात जांभ्याची माती, कोकोपीट आणि आमराईतला कुजलेला पातेरा. सासूबाईंना सांगितलंय की या एका कुंडीला सोवळं आहे, मासळी चालत नाही. त्या हसल्या, पण ऐकतील.

पाण्याचं काय करू? पागोळीचं पाणी साठवलं तर चालेल का? एका पिंपात किती दिवस पुरणार, पण एकच कुंडी आहे. माती तपासायला दापोलीच्या कृषी विद्यापीठात देणारच आहे, वन्संच्या पडवीमागचीही घेऊन जाईन.

लालमाती
पावसाचं पाणी सर्वोत्तम. पिंप कौलांच्या पागोळीखाली ठेवा. पुढच्या पडवीला सिमेंटचे पत्रे असतील तर तिथलं नको, त्यावरून पुन्हा चुनाच उतरेल. पहिल्या एक-दोन सरी सोडून द्या, वर्षभराची धूळ आणि पक्ष्यांची घाण वाहून जाते. मग भरा आणि झाकण घट्ट लावा, नाहीतर डासांची शाळा. पिंप संपलं की विहिरीच्या बादलीत थोडं व्हिनेगर घालून बायकार्बोनेट मारता येतात, ४ लिटरला एक चमचा. पोरांनी बाटली शिल्लक ठेवली असेल तर.

नमुना देताना: वरचा पातेरा बाजूला करून वीतभर खोलीची माती, चार-पाच ठिकाणची एकत्र करून, सावलीत वाळवून, अर्धा किलो. लोखंडी घमेल्यात नको, प्लॅस्टिकच्या पिशवीत. आणि दोन्ही पिशव्यांवर नाव घाला, तुमचं आणि वन्संचं. नाहीतर अहवाल आल्यावर पुन्हा भांडण.

पोफळीखालीच्या_वन्सं
माझी पिशवी मीच भरून ठेवते. तू फक्त येताना केळशीची सुपारी आण.